येण्याची सक्ती आणि जाण्याची बंदी

ख्रिस्ती आणि इस्लाम या दोन धर्मांचा प्रसार आणि त्यांच्यातला संघर्ष हा विषय मराठीत निघाला की चर्चा बहुधा दोन ठरलेल्या वाटांनी जाते. एका वाटेवरचे सांगतात की इस्लाम तलवारीने पसरला, ख्रिस्ती धर्म आधी तलवारीने आणि मग शाळा-दवाखान्यांच्या आडून पसरला, आणि गेली चौदाशे वर्षे हे दोघे एकमेकांच्या जिवावर उठलेले असल्यामुळे नायजेरियात आज सांडणारे रक्त हा त्याच जुन्या युद्धाचा पुढचा अंक आहे. दुसऱ्या वाटेवरचे सांगतात की धर्माचा यात काहीच दोष नाही, भांडणे जमिनीची, व्यापाराची आणि सिंहासनाची होती, आणि मुसलमानी स्पेनमध्ये तर सारे गुण्यागोविंदाने नांदत होते. पहिल्या पक्षाजवळ हत्याकांडांची यादी असते, दुसऱ्याजवळ सलोख्याच्या प्रसंगांची. या याद्या एकमेकींवर कितीही आदळल्या तरी निकाल लागत नाही, कारण दोन्हींतले बहुतेक प्रसंग खरोखरच घडलेले आहेत.

माझे म्हणणे असे की या वादात प्रश्नच चुकीचा विचारला जातो. कोणता धर्म स्वभावाने हिंसक, हे ठरवण्याच्या नादात आपण तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच मापाने मोजतो: प्रदेश जिंकणे, माणसे धर्मात आणणे आणि वेगळ्या धर्माच्या माणसाला शेजारी राहू देणे. या तिन्ही गोष्टी क्वचितच एकाच वेळी आणि एकाच हाताने घडल्या. इतिहासाला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: अमुक राज्यात, अमुक काळी, माणसाला आपल्या धर्मात राहता येत होते का, दुसऱ्या धर्मात जाता येत होते का, गेल्यावर तिथे मानाची जागा मिळत होती का, आणि पटले नाही तर परतता येत होते का? ही मुभा कोणी दिली आणि कोणी नाकारली याचा शोध घेतला की दोन धर्मांमधली सरळ रेघ पुसट होते आणि प्रत्येक धर्माच्या आतल्या रेघा ठळक होतात.

या वादाचा एक गाजलेला नमुना २००६ सालचा आहे. त्या वर्षी १२ सप्टेंबरला पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी जर्मनीतल्या रेगेन्सबर्ग विद्यापीठात व्याख्यान देताना कॉन्स्टँटिनोपलच्या ग्रीक ख्रिस्ती राज्याचा, म्हणजे बायझंटाइन, सम्राट दुसरा मॅन्युएल याचे एक वचन उद्धृत केले. महंमद पैगंबरांनी नवे असे काय आणले ते दाखवा, तलवारीने धर्म पसरवण्याच्या आज्ञेसारख्या अमानुष गोष्टीच सापडतील, असा त्याचा आशय होता. जगभर संताप उसळला, पॅलेस्टाइनमध्ये चर्चवर हल्ले झाले, आणि त्याच आठवड्यात मोगादिशूत एका इटालियन ननला गोळ्या घालून ठार मारण्यात आले. पुढच्याच वर्षी १३८ मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मगुरूंना शांत आणि अभ्यासपूर्ण पत्र लिहिले, ते मात्र फारसे कोणाच्या लक्षात राहिले नाही. आणखी एक गोष्ट दुर्लक्षित राहिली, ती म्हणजे हे वचन उच्चारताना सम्राट होता कुठे?

तो होता अंकाऱ्यात, उस्मानी तुर्कांचा सुलतान बायेझिद याच्या छावणीबरोबर. साल होते १३९१. कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट तोवर सुलतानाचा मांडलिक झाला होता आणि सुलतानाच्या मोहिमेत फौज घेऊन हजर राहणे त्याला भाग होते. हिवाळ्यात एका मुसलमान मुदर्रिसाच्या (मदरशातल्या शिक्षकाच्या) घरी त्याचा मुक्काम होता, आणि त्या यजमानाशीच त्याने हा लांबलचक वाद घातला. उध्वस्त ख्रिस्ती गावांतून जाताना त्याने मित्राला पत्रे लिहिली. या गावांची नावे काय होती असे विचारले, तर लोक सांगतात की गावे आम्ही उद्ध्वस्त केली आणि नावे काळाने पुसली, असे त्यातल्या एका पत्रात आहे. त्याच्या दुःखाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १३९० मध्ये, अनातोलियातले फिलाडेल्फिया हे अखेरचे स्वतंत्र ग्रीक ख्रिस्ती शहर सुलतानाने घेतले, तेव्हा वेढा घालणाऱ्या सैन्यात मॅन्युएलला स्वतःला सामील व्हावे लागले होते. धर्मासाठी तलवार उचलणे ईश्वराच्या स्वभावाविरुद्ध आहे, असे मांडणारा हा माणूस मुसलमान सुलतानासाठी ख्रिस्ती शहरावर चालून गेला होता, आणि ज्याच्या धर्मावर तो टीका करत होता तो यजमान त्याला आपल्या घरात बसवून ऐकून घेत होता. चौदाशे वर्षांच्या एकसंध युद्धाच्या चौकटीत हा प्रसंग बसवायचा कुठे?

तरीही विरोधी बाजूचे म्हणणे हलके नाही, आणि ते नीट मांडले पाहिजे. पहिली गोष्ट अशी की हे दोन्ही धर्म सर्व मानवजातीसाठी असल्याचा दावा करतात. आपले सत्य एका टोळीपुरते किंवा एका देशापुरते नाही, असे मानणारे दोन धर्म एकाच समुद्राच्या दोन काठांवर वाढले तर टक्कर अपरिहार्यच नव्हे का? दुसरी गोष्ट उत्तर आफ्रिकेची. संत ऑगस्टीन ज्या भूमीत जन्मला आणि बिशप झाला, तिथले स्थानिक लॅटिन ख्रिस्ती जीवन मध्ययुगातच संपले. आणि इराकमध्ये २००३ च्या आधी दहा लाखांहून अधिक असलेला ख्रिस्ती समाज आमच्या डोळ्यांदेखत मूठभर उरला. २०१४ मध्ये मोसुलमधल्या ख्रिश्चनांच्या दारांवर ख्रिस्ती या अर्थाच्या ‘नस्रानी’ शब्दाचे नून हे अरबी आद्याक्षर रंगवले गेले, ते इस्लामिक स्टेटने, कोण्या जमीनदाराने नव्हे. तिसरी गोष्ट, इस्लामी धर्मशास्त्राच्या जुन्या परंपरांनी धर्म सोडणाऱ्या पुरुषाला मृत्युदंड सांगितला आणि काही देशांच्या कायद्यात तो आजही आहे. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. धर्म हे केवळ निमित्त होते असे म्हणणारे या वस्तुस्थितीकडे पाहायला तयार नसतात, म्हणूनच त्यांचे म्हणणे सामान्य वाचकाला पटत नाही.

पण यातून जो निष्कर्ष काढला जातो तो निघत नाही. सातव्या शतकातल्या इजिप्तचे उदाहरण घेऊ. अरबांचे सैन्य तिथे पोहोचले तेव्हा देश ख्रिस्ती होता, पण राज्य करणारे बायझंटाइन ख्रिस्ती आणि स्थानिक कॉप्ट ख्रिस्ती यांच्यात ४५१ च्या काल्सिडन धर्मपरिषदेपासून वैर होते. सम्राटाच्या अधिकाऱ्यांपासून जीव वाचवण्यासाठी कॉप्टांचा धर्मप्रमुख बेंजामिन दशकभर वाळवंटातल्या मठांत लपून राहिला होता. त्याला अभय देऊन अलेक्झांड्रियाला परत आणले ते अरब सेनापती अम्र इब्न अल-आस याने. याच सुमारास सम्राट हेराक्लियसने आपल्या राज्यातल्या ज्यूंना सक्तीने बाप्तिस्मा देण्याचा हुकूम काढलेला होता. म्हणून अरबांचे स्वागतच झाले, असे मात्र म्हणता येणार नाही. निकिऊचा कॉप्ट बिशप जॉन याने आपल्या गावी अरबांनी केलेली कत्तल लिहून ठेवली आहे. मुद्दा इतकाच की देश एका पिढीत जिंकला गेला आणि तरीही इजिप्तमध्ये ख्रिस्ती बहुसंख्या त्यानंतर काही शतके टिकली. ८३१ मध्ये बश्मूरच्या दलदली मुलखातल्या कॉप्टांनी करांविरुद्ध केलेला मोठा उठाव खलिफा मामूनने मोडून काढला, आणि चौदाव्या शतकात मामलुक राजवटीत दंगली, जप्त्या आणि नोकऱ्यांतून हकालपट्टी यांच्या दडपणाखाली धर्मांतराची मोठी लाट आली. तलवार आणि धर्मांतर यांच्यात सातशे वर्षे गेली. या सातशे वर्षांत माणसे का बदलली, याचे उत्तर रणांगणावर सापडत नाही, ते महसुलाच्या दफ्तरात सापडते.

आणि महसुलाचे दफ्तर मोठी विलक्षण गोष्ट सांगते. आरंभीच्या अरब राज्यकर्त्यांना धर्मांतर फारसे नकोच होते. मुसलमान नसलेल्या प्रजेकडून जिझिया येई. प्रजा मुसलमान झाली तर तिजोरी रिकामी होई. म्हणून इराकचा सुभेदार हज्जाज याने इस्लाम स्वीकारून शहरात आलेल्या शेतकऱ्यांना परत त्यांच्या गावी हाकलले आणि त्यांच्याकडून जिझिया घेणे चालूच ठेवले. ७१७ मध्ये खलिफा झालेल्या दुसऱ्या उमरने ही वसुली बंद करवली. ईश्वराने महंमदांना मार्ग दाखवायला पाठवले होते, कर गोळा करायला नव्हे, असे उद्गार त्याच्या नावावर सांगितले जातात. तो गेल्यावर दहाच वर्षांत समरकंदकडच्या लोकांना धर्म स्वीकारल्यास जिझिया माफ, असे वचन एका सुभेदाराने दिले, लोक झुंडीने मुसलमान झाले, वसूल घटला, आणि मग त्याच सुभेदाराने खरी सुंता झाली आहे का हे तपासून पुन्हा जिझिया लादला. उठाव झाला. तलवारीच्या बळावर धर्म पसरवायला निघालेले राज्य असे वागते का?

आता याच शतकातले युरोपातले चित्र. फ्रँक राजा शार्लमेन आजच्या उत्तर जर्मनीतल्या सॅक्सन लोकांशी ७७२ पासून तीस वर्षे लढत होता. ७८२ मध्ये व्हर्डन येथे त्याने ४,५०० सॅक्सनांचा शिरच्छेद करवला, असे फ्रँकांच्याच दरबारी बखरीत नोंदलेले आहे. त्यानंतरच्या त्याच्या कायद्यात बाप्तिस्मा नाकारून लपून राहणाऱ्याला मृत्युदंड होता, आणि चाळीस दिवसांच्या उपवासकाळात धर्माचा अवमान करण्याच्या हेतूने मांस खाणाऱ्यालाही. शार्लमेनच्या दरबारातला इंग्रज पंडित आल्क्विन याने ७९६ मध्ये पत्रे लिहून याचा निषेध केला. श्रद्धा ही मनाची गोष्ट आहे, सक्तीची नाही, आणि दशांश कर वसूल करण्याच्या हट्टाने सॅक्सनांची श्रद्धा उलट नासली, असे त्याचे म्हणणे होते. दमास्कसचा खलिफा आणि फ्रँकांचा पंडित यांनी एकमेकांची नावेही ऐकलेली नसतील, पण ऐंशी वर्षांच्या अंतराने दोघे आपापल्या राज्यांना कर आणि श्रद्धा यांची गल्लत करू नका, एवढेच सांगत होते. दोघांच्याही विरोधात त्यांचेच धर्मबंधू उभे होते.

इथे उदारमतवाद्यांची एक लाडकी समजूत बाजूला ठेवावी लागते. सक्तीने धर्म बदलला तरी मन बदलत नाही, म्हणून सक्ती शेवटी हरतेच, असे आपण मोठ्या विश्वासाने म्हणतो. सॅक्सनांच्या बाबतीत ते खोटे ठरले. त्यांचा बंडखोर नेता विडुकिंड याने ७८५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याच्या वंशातल्या माटिल्डाचा मुलगा ओटो ९६२ मध्ये रोममध्ये पोपच्या हस्ते सम्राट झाला, आणि पूर्वेकडच्या स्लाव लोकांवर ख्रिस्ती धर्माच्या नावाने चढाई करणारे हेच सॅक्सन होते. मारून मुटकून दिलेला धर्म दोनशे वर्षांत रक्तात भिनला होता. हे मान्य करणे क्लेशदायक आहे, पण ते मान्य केल्याशिवाय पुढचा प्रश्न विचारताच येत नाही: हीच सक्ती स्पेनमध्ये का हरली?

ग्रानाडा हे स्पेनमधले अखेरचे मुसलमान राज्य २ जानेवारी १४९२ रोजी शरण आले, तेव्हा झालेल्या तहात मशिदी, कायदा, भाषा आणि मालमत्ता सुरक्षित राहील असे वचन होते. पहिला आर्चबिशप तालावेरा हा उपदेशावर विश्वास असलेला माणूस होता. आपल्या पाद्र्यांनी अरबी शिकावे असा त्याचा आग्रह होता. १४९९ मध्ये तिथे आलेल्या कार्डिनल सिस्नेरोसला एवढा धीर नव्हता. त्याने सामुदायिक बाप्तिस्मे घडवले, अरबी ग्रंथ जाळले, त्यावर उठाव झाला, आणि उठावामुळे तह मोडला असे जाहीर करून १५०२ मध्ये कॅस्टिलच्या सर्व मुसलमानांपुढे बाप्तिस्मा किंवा देशत्याग असे दोनच मार्ग ठेवण्यात आले. तालावेरावरच पुढे इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मद्रोह शोधणाऱ्या धर्मन्यायालयाने, संशय घेतला, कारण त्याच्या पूर्वजांत ज्यू होते. बाप्तिस्मा झालेल्या या मोरिस्को समाजावर साठ वर्षांनी, १५६७ मध्ये, अरबी बोलण्याची, पारंपरिक पोशाखाची आणि हमामखान्यांची बंदी आली, तेव्हा फ्रान्सिस्को नुन्येझ मुले या वृद्ध मोरिस्को सरदाराने अधिकाऱ्यांपुढे लेखी कैफियत मांडली. सिरियातले आणि इजिप्तमधले ख्रिस्ती अरबीच बोलतात, तिथल्या मुसलमानांसारखेच कपडे घालतात, आणि तरी ते ख्रिस्ती आहेतच ना, असा त्याचा युक्तिवाद होता. त्याला कोणी दाद दिली नाही. पुढच्याच वर्षी आल्पुहारासच्या डोंगरांत बंड पेटले, आणि १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना जहाजांत भरून आफ्रिकेत टाकण्यात आले. त्यांतल्या बहुतेकांच्या चार पिढ्या बाप्तिस्मा घेतलेल्या होत्या.

फरक इथे आहे. सॅक्सन सरदारांना बाप्तिस्म्याबरोबर फ्रँकांच्या राज्यात जहागिरी, बिशपपदे आणि शेवटी सिंहासन मिळाले. मोरिस्कोंना धर्म लादला गेला, पण पूर्वजांत मुसलमान किंवा ज्यू असता कामा नयेत अशा ‘शुद्ध रक्ता’च्या नियमांनी त्यांच्यावर पदांची आणि प्रतिष्ठेची दारे बंद ठेवली. ज्याला सक्तीने आत ओढले, त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही. विश्वास नाही म्हणून त्याच्या घरात डोकवावे लागते, शुक्रवारी तो अंघोळ करतो का, डुकराचे मांस टाळतो का हे पाहावे लागते. सक्तीचे धर्मांतर आणि इन्क्विझिशन यांचे नाते असे आहे. अरबांच्या राज्यातही पहिल्या शंभर वर्षांत नवमुसलमानांना अशीच दुय्यम वागणूक मिळाली, आणि ७५० मध्ये उमय्या घराणे उलथून टाकणाऱ्या क्रांतीत या असंतुष्टांचा मोठा वाटा होता. त्यानंतर बगदादच्या राज्यात इराणी वजीर झाले, पंडित झाले, आणि इस्लामचा खरा विस्तार त्या काळात झाला. धर्मांतर टिकले ते जिथे नव्याने आलेल्याला हक्काची जागा मिळाली तिथे.

स्पेन-पोर्तुगालमधली ही मनोवृत्ती आमच्या किनाऱ्यावर उतरली, म्हणून मराठी वाचकाला हा विषय परका नाही. उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमानांशी लढत वाढलेले पोर्तुगीज इथल्या प्रत्येक मुसलमानाला ‘मूर’च म्हणत आले. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलुक आरमाराने आणि दीवच्या मलिक अयाझने पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या मुलाला गाठून मारले. २५ नोव्हेंबर १५१० रोजी पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने गोवे घेतले आणि शहरातल्या मुसलमानांची कत्तल केली, याचा अभिमानाने उल्लेख त्याने राजाला लिहिलेल्या पत्रात आहे. तोवर सारे क्रुसेडच्या चौकटीत बसते. पण आल्बुकर्कला गोव्याची वाट दाखवणारा तिमोजा हिंदू होता, आणि आदिलशाहीच्या सुभेदारांना कंटाळलेल्या हिंदू रयतेला सुरुवातीला करसवलतीही मिळाल्या. पन्नास वर्षांत चित्र पालटले. १५४० नंतर तिसवाडीतली देवळे पडू लागली, १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन बसले आणि बाप्तिस्मा झालेल्या कोकणी माणसाच्या घरात सोवळे, तुळस आणि लग्नविधी शोधले जाऊ लागले. मूरांविरुद्ध घडवलेले हत्यार मूर संपल्यावर म्यान झाले नाही, ते तिसऱ्याच समाजावर चालले. या दोघांच्या भांडणाचा आपल्याशी काय संबंध, असे दुरून म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आणखी एक वर्ष पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर १५७१ मध्ये भूमध्य समुद्रात लेपांतोला ख्रिस्ती आघाडीने उस्मानी आरमाराचा पराभव केला, तो आजही दोन धर्मांच्या निर्णायक झुंजीचा मानदंड म्हणून सांगितला जातो. त्याच वर्षी कोकणात मुर्तझा निजामशहाने रेवदंड्याला आणि अली आदिलशहाने गोव्याला वेढा घातला होता, आणि पोर्तुगिजांविरुद्धच्या या जुटीत तिसरा साथीदार कालिकतचा हिंदू राजा सामुरी होता. वेढे उठले, तह झाले आणि बंदरांतला व्यापार पुन्हा सुरू झाला. वसई तर पोर्तुगिजांना १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने मोगलांच्या धास्तीने स्वतःच लिहून दिली होती. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली, पोर्तुगीज सत्ता गेली, पण वसईचे ख्रिस्ती ख्रिस्तीच राहिले. सामवेदी आणि वाडवळी बोलत, केळी-पानवेलीच्या वाड्या राखत ते आजही तिथे आहेत. बळाने किंवा लोभाने आलेला धर्म सत्ता जाताच गळून पडायला हवा होता, असे मानणाऱ्यांना वसईचे उत्तर द्यावे लागेल. आणि इंडोनेशियाचेही, जिथे बाहेरून कोणतेही मुसलमानी सैन्य देश जिंकायला गेले नाही आणि तरी आज जगातले सर्वांत जास्त मुसलमान राहतात. आफ्रिकेत १९०० च्या सुमारास सुमारे १ कोटी ख्रिस्ती होते, आज ते ६० कोटींहून अधिक आहेत, आणि यातली मोठी वाढ गोरे राज्यकर्ते निघून गेल्यानंतर, आफ्रिकी प्रचारकांच्या तोंडून झालेली आहे.

धर्म ओलांडून झालेल्या युतींची यादी वाढवता येईल. फ्रान्सच्या राजाने १५४३ चा हिवाळा काढण्यासाठी तुलाँ शहर उस्मानी आरमाराला मोकळे करून दिले आणि तिथल्या कॅथेड्रलमध्ये नमाज झाली. १६८३ मध्ये व्हिएन्नाच्या वेढ्यात हंगेरीचा प्रोटेस्टंट सरदार थोकोली तुर्कांच्या बाजूने होता, तर व्हिएन्ना वाचवायला धावलेल्या पोलिश राजाच्या सैन्यात मुसलमान तातार होते. पण अशा युतींवरून धर्म निरर्थक ठरत नाही, हेही सांगायला हवे. राजे सोयीने हातमिळवणी करत असताना सामान्य सैनिक खरोखरच स्वर्गाच्या आशेने मरत होता.

मग सलोख्याचे काय? ७८२ च्या सुमारास बगदादमध्ये खलिफा महदी आणि पूर्वेकडच्या चर्चचा प्रमुख तिमथी यांच्यात दोन दिवस धर्मचर्चा झाली. तिमथी म्हणाला की सत्य हे अंधाऱ्या घरात पडलेल्या मोत्यासारखे आहे, प्रत्येकाला वाटते तो आपल्याच हाती लागला, उजाडल्यावर कळेल. खलिफाने त्याच तिमथीकडून अरिस्टॉटलच्या एका ग्रंथाचे भाषांतर करून घेतले. याच काळात या चर्चचे लोक चीनपर्यंत पोहोचले होते. म्हणजे मुसलमान राजवटीच्या छायेत ख्रिस्ती धर्म पूर्वेला पसरत होता. पण सत्तर वर्षे उलटत नाहीत तोच, ८५० मध्ये, खलिफा मुतवक्किलने ख्रिस्ती आणि ज्यूंना मधाच्या रंगाची वस्त्रे सक्तीची केली आणि त्यांच्या दारांवर सैतानाच्या लाकडी आकृत्या ठोकवल्या. राज्य तेच, कुराण तेच, शेजारी तेच. राजाच्या मर्जीवर चालणारी सहिष्णुता राजाबरोबर जाते, म्हणून अंदलुसियाचे (मुसलमानी स्पेनचे) किंवा बगदादचे गोडवे गाऊन आजच्या माणसाच्या हाती काही लागत नाही. शिवाय त्या सलोख्यातही ख्रिस्ती माणूस मुसलमान होऊ शके, उलट दिशेने वाट नव्हती. एका बाजूने उघडणाऱ्या दाराला मुभा म्हणता येत नाही.

आजच्या नायजेरियाकडे याच कसोटीने पाहावे. १९०३ मध्ये सोकोतोची खिलाफत जिंकणाऱ्या इंग्रजांनी उत्तरेतल्या अमिरांशी सौदा केला: तुमची गादी राहील, मिशनऱ्यांना तुमच्या मुलखात येऊ देणार नाही, तुम्ही कर गोळा करून द्या. मिशनच्या शाळा दक्षिणेत निघाल्या, उत्तर मागे राहिली, आणि १९१४ मध्ये दोन्ही भाग एका वसाहतीत बांधले गेले तेव्हा शिक्षण आणि नोकऱ्यांच्या दरीवर धर्माचा रंग आधीच चढलेला होता. मधल्या पट्ट्यातल्या जॉस शहरात २००१ पासून झालेल्या कत्तली मशीद विरुद्ध चर्च अशाच लढल्या गेल्या, पण भांडणाच्या मुळाशी मूळ रहिवासी कोण आणि उपरा कोण हे ठरवणारा सरकारी दाखला होता, ज्यावर शाळेतला प्रवेश आणि नोकरी अवलंबून असते. बोको हराम या सशस्त्र इस्लामी संघटनेने २०१४ मध्ये चिबोकच्या २७६ मुली पळवल्या, त्यांतल्या बहुतेक ख्रिस्ती होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कानोच्या मोठ्या मशिदीत शुक्रवारच्या नमाजाला जमलेल्यांवर बाँबस्फोट आणि गोळीबार करून त्यांनी शंभराहून अधिक मुसलमान मारले. आणि याच देशाच्या नैर्ऋत्येला योरुबा घरांत एक भाऊ मुसलमान, दुसरा ख्रिस्ती आणि दोघेही ईद-नाताळ एकत्र करणारे, ही नवलाची गोष्ट नाही. ग्रंथ दोन्हीकडे तेच असताना जॉस आणि योरुबांचे इबादान शहर इतके वेगळे का, याचे उत्तर धर्माच्या स्वभावात शोधणाऱ्याला सापडणार नाही.

धर्म सोडण्याच्या शिक्षेचा मुद्दा मी टाळणार नाही, कारण तोच या वादाचा खरा गाभा आहे. ती शिक्षा मुसलमान राज्यांनाही बदलता आली आहे: १८४३ मध्ये इस्तंबूलमध्ये धर्मत्यागासाठी एका आर्मेनियनाचा वध झाला आणि पुढच्याच वर्षी, इंग्रज वकिलाच्या दडपणाखाली का होईना, सुलतानाने असे वध थांबवण्याचे वचन दिले, सुदानने ती शिक्षा २०२० मध्ये रद्द केली. ख्रिस्ती देशांतली मुभाही बायबलमधून आपोआप उगवलेली नाही. कॅथलिक चर्चने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा ७ डिसेंबर १९६५ रोजी काढला, म्हणजे ग्रानाडाच्या तहानंतर पावणेपाचशे वर्षांनी. आपल्याकडेही ओडिशाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये धर्मांतरावर कायदे केले, सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ते वैध ठरवले, आणि आज काही राज्यांत धर्म बदलण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते. बळजबरी रोखणे हे राज्याचे काम आहेच. पण राजीखुशीने जाणाऱ्यानेही सरकारदरबारी खुलासा द्यावा, असे म्हटले की कसोटी आपल्यालाही लागते.

डिसेंबर १९४८ मध्ये पॅरिसला संयुक्त राष्ट्रांची आमसभा मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावर चर्चा करत होती. अठराव्या कलमात धर्म बदलण्याचा हक्क स्पष्टपणे लिहावा, यासाठी झटणारे चार्ल्स मलिक हे लेबनॉनचे ख्रिस्ती होते. त्याला जोरदार विरोध केला तो सौदी अरेबियाचे प्रतिनिधी जमील बारूदी यांनी, आणि तेही जन्माने लेबनॉनचेच ख्रिस्ती होते. मिशनरी हे परकी राज्याचे अग्रदूत ठरले आहेत, असा त्यांचा आक्षेप होता, आणि वसाहतींचा इतिहास पाहता तो पोकळ नव्हता. कलमाच्या बाजूने उभे राहिले पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान. ज्याला श्रद्धा ठेवायची त्याने ठेवावी, ज्याला नाकारायची त्याने नाकारावी, या आशयाच्या कुराणातल्या वचनाचा त्यांनी आधार घेतला, आणि इस्लाम स्वतः प्रसार करणारा धर्म असल्यामुळे जो हक्क तो स्वतःसाठी मागतो तो दुसऱ्याला नाकारू शकत नाही, असे सांगितले. अखेर सबंध जाहीरनाम्याच्या बाजूने ४८ मते पडली, विरोधात एकही नाही, सौदी अरेबियासह आठ देश तटस्थ राहिले. जफरुल्ला खान स्वतःला मुसलमान मानणाऱ्या अहमदिया पंथाचे होते. १९७४ मध्ये पाकिस्तानच्या संसदेने घटनादुरुस्ती करून त्यांच्या समाजाला मुसलमान नसल्याचे ठरवले, आणि १९८४ च्या वटहुकमाने त्यांनी स्वतःला मुसलमान म्हणवणे किंवा अजान देणे हा तुरुंगवासाचा गुन्हा झाला; जफरुल्ला खान तेव्हा हयात होते. मलिक यांच्या लेबनॉनमध्ये राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी आणि सभापती शिया ही वाटणी १९३२ च्या जनगणनेच्या आधारावर चालत आली, तशी जनगणना तिथे पुन्हा झालेली नाही, आणि वेगवेगळ्या धर्मांच्या वधूवरांना धर्म न बदलता नोंदणी विवाह करायचा असेल तर आजही बहुधा सायप्रसला जाऊन लग्न लावून यावे लागते.